हातांनी खोचलेलं आकाश
अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंट वेधशाळेत २००० साली स्लोन आकाश सर्वेक्षण सुरू झालं. दुर्बीण २.५ मीटरची, म्हणजे त्या काळातही फार मोठी नव्हे. तिची खरी ताकद ॲल्युमिनियमच्या थाळ्यांत होती. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुमारे ८० सेंटिमीटर व्यासाच्या थाळीला शेकडो भोकं पाडली जात. प्रत्येक भोक ठरावीक दीर्घिकेच्या नेमक्या जागी. थाळी डोंगरावर पोचली की तंत्रज्ञ दिवसाउजेडी तिच्यापुढे बसून भोकाभोकात प्रकाशतंतू खोचत. आधी एका थाळीत ६४०, पुढे १०००. तंतू वीस-वीसच्या जुडग्यांत असत.

कुठला तंतू कुठल्या भोकात गेला, हे लक्षात ठेवायची गरज नसे. काम संपलं की दुसऱ्या टोकाकडून एकेका तंतूत प्रकाश सोडला जाई आणि कुठलं भोक उजळलं ते कॅमेरा टिपून घेई. फार सुंदर युक्ती ही. हाताला वेग मिळाला आणि नोंदही बिनचूक राहिली.

हा खटाटोप कृष्ण ऊर्जेसाठी फार मोलाचा ठरला. १९९८ साली दोन गटांनी दूरच्या सुपरनोव्हांवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचं दाखवलं होतं. त्याला कारण असलेली ही कृष्ण ऊर्जा काळाबरोबर बदलते का, हे पाहायला आणखी एक मोजपट्टी हवी होती. ती निसर्गानेच ठेवली होती. बालविश्वातल्या तप्त वायूत ध्वनिलहरी पसरल्या आणि विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना थिजल्या. म्हणून आज एकमेकींपासून सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिका किंचित जास्त सापडतात. हे 'किंचित' पकडायला हजारो दीर्घिकांची अंतरं लागतात, आणि ती तंतूंतून आलेल्या प्रकाशाच्या वर्णपटावरून मिळतात. २००५ मध्ये डॅनियल आयझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी स्लोनच्या ४६,७४८ दीर्घिकांतून ती खूण शोधून काढली. ऑस्ट्रेलियातल्या 'टू-डीएफ' सर्वेक्षणालाही त्याच वर्षी ती सापडली.

खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड श्लेगेल यांची कारकीर्द याच वाटेवरची. १९९८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह आकाशगंगेतल्या धुळीचा नकाशा केला. धुळीत हरवलेल्या प्रकाशाचा हिशेब लावल्याशिवाय दीर्घिकांचं खरं तेज कळत नाही. पुढे बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेतून त्यांनी स्लोन दुर्बिणीवरच्या 'बॉस' सर्वेक्षणाचं नेतृत्व केलं. २००९ ते २०१४ या काळात त्यात दहा लाखांहून अधिक दीर्घिकांचे वर्णपट घेतले गेले, आणि हे सारे तंतू माणसांनी हातांनीच खोचले. त्यानंतर श्लेगेल ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या 'डेसी' प्रकल्पात आले. तिथे ५,००० छोटे रोबो काही मिनिटांत तंतू जागेवर आणतात. मार्च २०२५ मध्ये सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसारांवरून डेसीने सांगितलं, की कृष्ण ऊर्जा क्षीण होत असावी. शोध म्हणून मान्यता मिळायला लागणारी पाच सिग्माची खात्री मात्र तेव्हा आली नव्हती.

स्लोन दुर्बिणीवरही आता रोबो आहेत. जुन्या थाळ्यांपैकी अनेक शाळांना वाटल्या गेल्या. कृष्ण ऊर्जेच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावं पक्की झाली आहेत. तंतू खोचणाऱ्या तंत्रज्ञांचं कामही तितक्याच ठळकपणे नोंदलं गेलं पाहिजे.