मार्क्स उतरला, तैमूर चढला

ताश्कंद म्हटलं की आपल्याला लालबहादूर शास्त्री आठवतात. जानेवारी १९६६ मध्ये तिथं करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. आज त्या शहरातल्या एका चौकाविषयी बोलायचं आहे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. खुर्चीवरची माणसं मात्र तीच राहिली. तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख इस्लाम करिमोव हेच राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. जुनं तत्त्वज्ञान मोडीत निघालं होतं. मग राज्य करायचं कशाच्या नावानं? १९९३ मध्ये चौकातला मार्क्स गेला आणि तिथं घोड्यावर बसलेला तैमूर आला. होय, १३९८ मध्ये दिल्लीत कत्तल करणारा तोच तैमूर! सोव्हिएत काळातला क्रूर आक्रमक आता राष्ट्रपुरुष झाला. १९९६ मध्ये त्याच्या घराण्याचं संग्रहालयही उभं राहिलं.

गंमत अशी, की तैमूरच्या वंशजांना समरकंदमधून हुसकावलं ते शैबानी खानाच्या उझबेकांनीच. त्याच्यापुढं हरलेला अंदिजानचा बाबर आधी काबूलला गेला आणि मग हिंदुस्थानात आला. पण एकछत्री सत्तेला एकछत्री पूर्वज हवा होता. तपशील कोण पाहतो?

कवी म्हणून मला लिपीची कथा अधिक अस्वस्थ करते. उझबेक भाषा पूर्वी अरबी लिपीत लिहीत. १९२० च्या दशकाअखेरीस रोमन लिपी आली, १९४० मध्ये रशियन, आणि १९९३ मध्ये पुन्हा रोमन लिपीचा कायदा झाला. कवी चोलपान आणि कादंबरीकार अब्दुल्ला कादिरी यांना ४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोळ्या घातल्या गेल्या. आज त्यांना मान आहे. पण ज्या लिपीत त्यांनी लिहायला सुरुवात केली, ती तिथल्या बहुतेक नातवंडांना वाचता येत नाही.

हे दुःख मला परकं नाही. माझ्या घरी आजोबांच्या हातचे मोडीतले कागद आहेत. मी मराठीत कविता लिहितो, पण आजोबांची मराठी मला वाचता येत नाही. आणि तरीही, एखाद्या कविसंमेलनानंतर कुणीतरी हसत हसत मला बाबराच्या वंशात जमा करतो. तेव्हा ताश्कंदचा तो चौक आठवतो. पूर्वज निवडायचं काम दुसऱ्यांनी हाती घेतलं, की आपले खरे आजोबा ट्रंकेतच राहतात.

या पावसाळ्यात मी मोडी शिकायला घेतली आहे.