गावाला सांगणं

केळशी हे दापोली तालुक्याचं उत्तरेकडचं टोक. गाव संपलं की भारजेची खाडी, आणि खाडी ओलांडली की मंडणगड तालुका. पश्चिमेला समुद्र, मध्ये नारळी-पोफळीची आगरं, गडगे आणि पाखाड्या. ब्राह्मणआळी, कुळवाड्यांच्या वाड्या, मुसलमानांचा मोहल्ला, कोळ्यांची घरं, असं सगळं मिळून एक गाव. अशा गावात एखादी गोष्ट 'गावाला सांगायची' तर कशी सांगायची?

प्रश्न साधा वाटतो. पण आपल्या खेड्यांत गेल्या शंभर वर्षांत काय बदललं हे बघायचं असेल, तर मला हाच प्रश्न धरून चालणं सोपं जातं. उद्या पाणी येणार नाही, परवा डॉक्टर येणार आहे, यंदा रस्ता होणार आहे, हे गावाला कोण सांगत होतं? कुणाच्या हुकमानं सांगत होतं? आणि ऐकणाऱ्याला उलट चार शब्द विचारता येत होते का?

जुन्या काळी सांगायची रीत म्हणजे दवंडी. "ऐका हो ऐका" ही हाक ऐकलेली माणसं अजून गावोगाव आहेत. रत्नागिरी जिल्हा हा खोतीचा मुलूख. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत, आणि सारा गोळा करायचं काम त्याचं. त्यामुळे दवंडीत जे यायचं ते बहुतेक वरून आलेलं असायचं. साऱ्याचा हप्ता भरा, साहेबांचा मुक्काम पडणार आहे, देवी टोचणारा येणार आहे, पोरं घेऊन या. ते ऐकायचं आणि तसं वागायचं. हप्ता एवढा का, असं दवंडीवाल्याला विचारून काही उपयोग नव्हता, कारण त्याला तरी कुठं ठाऊक होतं!

हे काम गावोगाव महार वतनदारांकडे असे. ऊन असो, पाऊस असो, गावकामगारानं बोलावलं की निघायचं. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनी जमीन आणि घरोघरी मागून आणायचं बलुतं. म्हणजे गावाला सांगणारा जो माणूस, त्यालाच गावात बोलायचा हक्क नव्हता. निरोप त्याच्या तोंडून सगळ्या गावात जायचा आणि बैठक बसली की तो बाहेर उभा. केळशीच्या खाडीपलीकडे त्याच मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ह्या दोन्ही गोष्टी कोकणातल्या गावगाड्याच्या मुळाशी जाणाऱ्या होत्या. खोती जायला पुढं १९४९ चा कायदा यावा लागला.

१९५८ हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. एकाच सालातले दोन कायदे बघा. एका कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द केली. दुसरा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम. ग्रामपंचायती त्याआधीही होत्या, १९२० आणि १९३३ सालचे कायदे होते. पण ५८ च्या कायद्यानं ग्रामसभा नावाची गोष्ट गावाच्या हातात दिली. गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव तो ग्रामसभेचा सभासद. निवडून यायला नको, वतन नको, मान नको. म्हणजे ज्या साली सांगणाऱ्याची वेठ कागदावर संपली, त्याच साली ऐकणाऱ्याला विचारायचा हक्क मिळाला. गंमत म्हणजे ग्रामसभेच्या नियमांत नोटीस लावण्याबरोबर दवंडी देण्याचीही तरतूद राहिली. दवंडी तीच, पण आता ती "या आणि विचारा" असं सांगायला निघाली.

अर्थात कायदा झाला म्हणून लगेच कुणी विचारायला लागलं नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, विहिरी, शाळा, दवाखाने, रस्ते असा सरकारी कामांचा ओघ गावाकडे वळला. आमच्या लहानपणी पंचायतीचा मुख्य भाग म्हणजे काळा फळा. त्यावर खडूनं लिहिलेलं असायचं : घरपट्टी भरावी, मोकाट गुरं बांधावीत, अमुक तारखेला लस. पहिल्या पावसाच्या सरीला निम्मी अक्षरं वाहून जायची. माझे एक चुलते फळ्यापुढे थांबून मोठ्यानं वाचायचे, कारण बाजूला पाच-सहा माणसं नुसती उभी असत. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि तसं म्हणायची लाज वाटायची. कुणी मोठ्यानं वाचलं की ती ऐकून घ्यायची आणि आपापल्या वाडीत जाऊन सांगायची. मोहल्ल्यात सांगणारा वेगळा, कोळ्यांत सांगणारा वेगळा. वाडीची बैठक असली तर "घरटी एक माणूस" असा निरोप फिरायचा. घरटी एक माणूस म्हणजे अर्थात घरटी एक पुरुष!

गावाला सांगायची एक गोष्ट मात्र कधी फळ्यावर लिहावी लागली नाही, ती म्हणजे महालक्ष्मीचा उत्सव. चैत्र शुद्ध अष्टमीला तो सुरू होतो आणि पौर्णिमेला रथ निघतो. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या चाकरमान्याला त्यासाठी कार्ड टाकावं लागत नसे. पंचांग बघून तो आधीच रजा मागायचा. कुणी कुठलं काम करायचं, मान कुणाचा, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. तसंच टेकडीवरच्या याकूबबाबांच्या दर्ग्याचं. बखरीत केळशीच्या बाबा याकूतांचा उल्लेख शिवछत्रपतींच्या संदर्भात येतो, आणि उरुसाला आजही हिंदू-मुसलमान दोघे जातात.

पण उत्सव देवीचा असला तरी त्याच्या पायाखालचा रस्ता पंचायतीचा असतो. हे जुन्या माणसांच्या ध्यानात हळूहळू आलं. हजारो माणूस गावात उतरणार, तर पाणी किती लागेल? दुकानं कुठं लागतील? दिव्यांचं काय? जादा एसटी गाड्या कुठं उभ्या राहतील? कचरा कोण उचलेल? रथाचा मान ठरलेला असतो, कचऱ्याचा मान कुणाचाच नसतो. म्हणून मग यात्रेच्या आधी देवस्थानची मंडळी आणि पंचायत यांना एकत्र बसावंच लागतं. इथं दोन प्रकारचे अधिकार समोरासमोर येतात. एक परंपरेनं आलेला, दुसरा मतानं आलेला. परंपरेच्या माणसाला "हे असंच का?" म्हणून विचारणं कठीण. मतानं आलेल्या माणसाला ते विचारता येतं आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. सरपंचाची खुर्ची खोताच्या बैठकीपेक्षा वेगळी आहे ती एवढ्यासाठी.

ही गोष्ट बायकांनी आधी ओळखली असं माझं निरीक्षण आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या गेल्या, आणि महाराष्ट्रात २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेलं गेलं. सुरुवातीला "बाई सरपंच, कारभार नवऱ्याचा" अशी चेष्टा सगळीकडे झाली, आणि बऱ्याच ठिकाणी ती खरीही होती. पण ग्रामसभेत ओटीवरच्या बायका आत येऊन बसायला लागल्या. पाण्याचा हंडा ज्याच्या डोक्यावर, प्रश्न त्याच्याच तोंडी येणार.

पंचक्रोशीतल्या एका गावची ग्रामसभा मला आठवते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सरपंचांनी उभं राहून अहवाल वाचला : नळपाणी योजना पूर्ण, सर्व वाड्यांना जोडण्या दिल्या. टाळ्या वाजायच्या बेतात होत्या. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली.

"पाइप आला रं बाबा, पन पानी कदी येल?"

हशा पिकला. सरपंचही हसले, मग गप्प झाले. "आजी, तुमची वाडी उंचावर..." वगैरे सुरू झालं. म्हातारी खाली बसेना. "मंग पूर्न कशापायी लिवलांव?" तिच्या बाजूच्या दोघी उठल्या, मग वरच्या वाडीतली चार पोरं. शेवटी इतिवृत्तात लिहिलं गेलं की वरच्या वाडीला पाणी चढून दाखवल्याशिवाय काम पूर्ण समजू नये. पाणी पुढं चढलं, उशिरा का होईना. अहवालात खोटं काही नव्हतं, जोडण्या खरोखरच दिल्या होत्या. पण तो अहवाल वाचून झाला आणि सगळे उठून गेले असते, तर त्या वाडीची गोष्ट 'पूर्ण' ह्या शब्दाखाली कायमची गाडली गेली असती.

सांगणं किती महत्त्वाचं असतं ते ३ जून २०२० ला आमच्या किनाऱ्याला कळलं. निसर्ग चक्रीवादळ बाणकोटच्या खाडीपलीकडे श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं आणि दापोली-मंडणगडचा किनारा त्यानं झोडपून काढला. केळशीच्या खाडीच्या तोंडाशी एक मोठी वाळूची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या त्सुनामीनं ती बनली असावी, असं त्यांचं मत. ते खरं धरलं तर तेव्हा समुद्र गावाला न सांगता आला होता. ह्या वेळी मात्र तो सांगून आला. दोन दिवस आधीपासून इशारे होते. होड्या वर ओढा, कच्च्या घरातली माणसं हलवा, बाहेर पडू नका. त्यात करोनाचा काळ, मुंबईहून आलेले चाकरमानी शाळांमध्ये विलगीकरणात, आणि सरपंचाच्या अध्यक्षतेखालचं ग्राम कृती दल आधीच त्या कामात बुडालेलं.

वारा थांबला तेव्हा आगरं भुईसपाट झाली होती. आजोबांनी लावलेले माड आणि पोफळी आडव्या. विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद. कितीतरी गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. फोन नाही, टीव्ही नाही, पंपाअभावी नळाला पाणी नाही. मुंबईतल्या मुलाला आईबाप जिवंत आहेत एवढंही कळेना. अशा वेळी गाव पुन्हा घरटी निरोपावर आलं. पडलेल्या झाडांवरून चढत पोरं वाडीवाडीत गेली. पाण्याचा टँकर कुठं उभा राहील, कौलं-ताडपत्री कधी मिळेल, पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक कधी येणार, हे सगळं तोंडी.

आणि मग आल्या याद्या. सरकारनं फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख रुपये जाहीर केले. पण कोकणात आगर मोजायचं गुंठ्यांत. एका सातबारावर वीस नावं, त्यातली बारा मुंबईत आणि तीन वारलेली. यादीत ज्याचं नाव चुकलं त्याची मदत चुकली. त्या दिवसांत भिंतीवर चिकटवलेल्या यादीपुढची गर्दी बघून मला तो जुना फळा आठवे. जिथं यादी चारचौघांत मोठ्यानं वाचली गेली, तिथं "हा माझा सर्वे नंबर नाही", "तिच्या घराची भिंत गेलीय, तुम्ही कौलंच लिहिलीत" असं जागच्या जागी निघायचं. यादी कपाटात राहिली की माणसाला तालुक्याला खेपा घालाव्या लागायच्या, एसटी बंद असतानासुद्धा.

आता गावोगाव व्हॉट्सअ‍ॅपचे गट आहेत. ते वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. उद्या पाणी येणार नाही हे रात्री नऊला कळतं, दुबईतल्या मुलालाही कळतं. यात्रेतल्या गाड्यांची व्यवस्था, आरोग्य शिबिर, दाखल्यांचा कॅम्प, सगळं हातात येतं. पण बऱ्याच गटांवर लिहायची मुभा फक्त ॲडमिनला असते. कामाचा नारळ फोडतानाचा फोटो येतो, खाली हात जोडलेले अंगठे येतात. "पाइप आला, पाणी कधी येल?" हे लिहायची सोयच नाही. म्हणजे "ऐका हो ऐका" पुन्हा आलं, फक्त डफ गेला. शिवाय ज्या म्हातारीकडे फोन नाही, ती फळ्यापुढच्या त्या पाच-सहा माणसांसारखीच बाजूला उभी.

दुसऱ्या बाजूनंही बोललं पाहिजे. सरपंचानं ग्रामसभा लावावी आणि कुणी येऊ नये, हेही आपणच करतो. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांतला कमी आकडा जमला तर गणपूर्ती होते. तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला पुढं गणपूर्तीची अट नसते. दहा माणसांत ठराव होतात आणि वर्षभर आपण पारावर बसून "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" म्हणतो. रथाला जेवढी माणसं येतात त्यातली दहात एक जरी ग्रामसभेला आली, तरी पंचायतीची सभागृहं पुरणार नाहीत.

चांगल्या सरपंचाची सूचना कशी ओळखायची, याची माझी साधी परीक्षा आहे. तिच्यात वाडीचं नाव हवं, तारीख हवी, पैसा कुठल्या निधीतला आणि किती ते हवं, काम कुणाचं ते हवं, आणि अडलं तर कुणाकडे जायचं तेही हवं. एवढं लिहिलं की प्रश्न विचारणाऱ्याचं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं त्यानं स्वतः उठून, सभेत जाऊन करायचं असतं. नोटीस सात दिवस आधी लागते. पंचायतीवरून जाता-येता तिकडे एक नजर टाकावी. आणि शेजारी कुणी नुसतं उभं असेल, तर मोठ्यानं वाचावी.