जोडीची व्यसने

दिवाळीच्या फराळाशी दारू-विडीची कथा कशाला, असे वाचक म्हणतील. पण ज्या घरातला कर्ता पुरुष ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गुत्त्याकडे वळतो, त्या घरची पणती उजळते ती केवळ मुलांसाठी.

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले राळेगणसिद्धी हे अशाच घरांचे गाव होते. पाऊस बेताचा, शेती कोरडवाहू. पोटासाठी दारूच्या भट्ट्या लागल्या. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन परतले. पदरच्या पैशाने त्यांनी यादवबाबांचे मंदिर सावरले आणि त्याच मंदिरात भट्ट्या बंद करण्याचा निश्चय झाला. तिसांहून अधिक भट्ट्या मालकांनी आपण होऊन मोडल्या. पुढे तरुणांनी दुकानांतल्या विड्या, सिगारेटी नि तंबाखू गोळा करून होळीत टाकली. दोन्ही व्यसने जोडीची, हे गावाने ओळखले होते.

मात्र न ऐकणाऱ्यांना खांबाला बांधून फटके देत, हेही सांगितले पाहिजे. फटक्याने हात थांबतो. तलफ कशी थांबावी?

त्याचा शोध वैद्यकात चालू होता. जंतांवरचे म्हणून तपासलेले डायसल्फिराम हे दारूवर घेताच माणूस हैराण होतो, असे डेन्मार्कच्या संशोधकांनी १९४८ साली प्रसिद्ध केले. हाही फटकाच, फक्त पोटातून! कित्येक घरांत ही गोळी नकळत भाजीत मिसळतात. ते जिवावर बेतू शकते. १९९४ साली अमेरिकेत मद्यासाठी मान्य झालेले नाल्ट्रेक्सोन पिण्यातली गोडीच कमी करते. २००६ साली धूम्रपान सोडण्यासाठी व्हॅरेनिक्लिन आले. मेंदूत निकोटिन जिथे बसते, ती जागा ते अडवते. आणि मद्याचे सुखही काही अंशी त्याच वाटेने येते. म्हणून विड्या ओढणाऱ्या अट्टल मद्यप्यांना ते देऊन पाहिले. काही चाचण्यांत पिणे घटले, काहींत फरक दिसला नाही. तेव्हा रामबाण म्हणू नये. डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. फार पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटकेही येतात.

व्यसन हा आजार आहे, असे मानून सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले. औषध तलफ आवरते, पण मोकळी झालेली संध्याकाळ घरच्यांनीच भरायची असते. यंदा असा कोणी पाहुणा आपल्याकडे आला, तर त्याच्या मागच्या गोष्टी काढू नका. पाटावर बसवा, करंजी वाढा.