इकडील सर्व खुशाल

दिवाळी हा घरी येण्याचा सण. नोकरीसाठी परगावी राहिलेला मुलगा, सासरी गेलेली लेक, बोर्डिंगात शिकणारा नातू, सगळे चार दिवसांपुरते का होईना एका पंक्तीला बसतात. जो येऊ शकत नाही त्याच्या वाटचा फराळ डब्यात काढून ठेवला जातो. वाचकहो, असा डबा ज्यांच्यापर्यंत पोचण्याची सोयच नव्हती, अशा माणसांविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

मी शाळामास्तर आहे. मुलांना लढाया शिकवतो. सन, सेनापती, जय-पराजय एवढे पाठ झाले की मुले पास होतात. पण एका दिवसाच्या लढाईआधी शिपायाने किती महिने छावणीत काढले, तिथे त्याला घरचे काय काय आठवले, हे कोणत्याच पाठात येत नाही. कादंबऱ्या लिहिण्याची खोड असल्यामुळे माझे मन मात्र नेमके तिथेच घोटाळत राहते.

आमच्या अहमदनगर जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर आहे) संगमनेर तालुक्यात निमज नावाचे गाव आहे. नामदेव जाधव तिथले. जन्म नोव्हेंबर 1921 चा. दुसऱ्या महायुद्धात ते फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत साधे शिपाई होते. इटलीत गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्या पराक्रमाकडे जाण्याआधी, त्यांच्या पलटणीचे रोजचे जिणे कसे होते ते पाहू.

इटलीत हिंदी फौजेच्या चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन डिव्हिजन लढल्या. ही पलटण आठवीत होती. इराक-सीरियाच्या बाजूला काही काळ काढून आठवी डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये इटलीच्या तारान्तो बंदरात उतरली. म्हणजे 1943 आणि 1944 या दोन्ही सालांची दिवाळी तिला इटलीतच आली. पहिली पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे सरकताना, दुसरी ॲपेनाइन डोंगरातल्या पावसात आणि चिखलात.

नगरकडचा माणूस पावसाची वाट बघत वाढलेला. इथे पाऊस थांबता थांबत नव्हता. डोंगरात मोटारी चालेनात, तेव्हा शिधा आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून वर चढे. मुक्काम कधी तंबूत, कधी खंदकात, तर कधी एखाद्या पडक्या शेतघरात. लंगरात आटा, डाळ, तूप, साखर, चहा मिळे. पण बाजरीच्या भाकरीवर पोसलेल्या जिभेला गव्हाची रोटी किती दिवस गोड लागणार? आजूबाजूचा मुलूख मात्र शेतकऱ्यांचाच होता. द्राक्षांचे मळे, मक्याची शेते, आणि नांगराला जुंपलेले धिप्पाड पांढरे बैल. लढाईसाठी हजारो कोस आलेल्या कुणब्याच्या पोराने ते बैल पाहिले असतील, तेव्हा त्याला आपल्या गोठ्याची आठवण झाली नसेल का?

या आठवणीला वाट एकच, ती म्हणजे पत्र. युद्धकाळात एअरग्राफ नावाची युक्ती निघाली होती. पत्राचा फोटो घेऊन त्याची इवलीशी फिल्म विमानाने पाठवीत आणि मुक्कामी ती मोठी करून, कागदावर छापून टपालात टाकीत. सोय उत्तम होती, पण लिहायचे काय? गावाचे नाव, नदीचे नाव, पलटण कुठे चालली, सगळ्याला बंदी. पत्त्याच्या जागी फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता आकडा. ज्याला लिहिता येत नसे तो शेजारच्या सोबत्याकडून लिहून घेई. मग ते सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. शेवटी गावात पोचले की पोस्टमन किंवा आमच्याच पेशाचा कोणी मास्तर ते ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवी. पत्र वडिलांच्या नावाचे. जिच्यासाठी खरे लिहिलेले ती दाराआड उभी.

लिहिणारा, तपासणारा आणि वाचणारा, अशा तीन परक्यांच्या देखत माणसाने बायकोला काय सांगावे? म्हणून जुन्या पत्रांची ती ठरलेली तऱ्हा आली. इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी. पाऊस कसा आहे? गाय व्याली का? विहिरीला पाणी किती? धाकटा शाळेत जातो का? वरवर पाहता त्यात भावना औषधालाही नाही. पण ज्याला 'तुझी आठवण येते' असे लिहिण्याची चोरी होती, त्याने विहिरीच्या पाण्याची चौकशी करून तेच लिहिले, असे मला वाटते. मनिऑर्डरीच्या कुपनावर मजकुराला दोन बोटे जागा असे. त्या दोन बोटांत अनेकांचा संसार मावला.

योगायोग असा की, त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यातच पत्रांची आणखी एक कहाणी घडत होती. ऑगस्ट 1942 मध्ये पकडलेले काँग्रेसचे पुढारी नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. मौलाना आझाद त्यांपैकीच. एप्रिल 1943 मध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या. त्यांची अखेरची भेटही मौलानांना झाली नाही. किल्ल्यात बसून त्यांनी एका स्नेह्याला पत्रे लिहिली. ती तेव्हा पाठवता येत नव्हती. पुढे त्यांचेच 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झाले. ज्या सरकारने नेत्यांना किल्ल्यात कोंडले, त्याच सरकारच्या फौजेत निमजचा शेतकरीपुत्र लढत होता. एकाच्या न गेलेल्या पत्रांचा ग्रंथ झाला. पलटणीतली साधी पत्रे मात्र पोचली, वाचली गेली आणि बहुतेक चुलीत किंवा वाळवीच्या पोटात गेली.

आता 9 एप्रिल 1945 ची ती संध्याकाळ. उत्तर इटलीतली सेनियो नदी, पात्र अरुंद, पण पूर अडवायला दोन्ही तीरांवर उंच बांध. त्या बांधांत जर्मन मशीनगना आणि जमिनीत पेरलेले सुरुंग. नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई. नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीतले बहुतेक सगळे पडले. त्यांनी काय केले? भर माऱ्यात एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. त्यानंतर ते मशीनगनांवर तुटून पडले. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब फेकले. तीन ठाणी गप्प झाली. शेवटी बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि उरलेल्या कंपन्यांना नदी ओलांडण्यासाठी खुणावले.

सन्मानपत्रात हे सगळे आहे. पण त्याचा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. आधी दोन माणसे परत आणली, मशीनगना मागाहून. त्या दोघांच्या घरीही कोणीतरी दाराआड उभे असणार. हे ज्याला छावणीतल्या इतक्या दिवसांनी शिकवले होते, त्याच्या हातून दुसरे काय घडणार?

नामदेव जाधव परत आले. 1984 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्याहून अवघे दोन दिवसांनी मोठे असलेले, रायगडच्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत होते. 10 जुलै 1944 रोजी ते इटलीतच पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो स्वीकारायला त्यांची पत्नी गेली. त्यांची समाधी कुठे नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे. 2023 च्या जुलैत इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. सेनियोपासून जवळच फोर्लीला, दहन झालेल्या जवळपास 800 हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. दगडावर नावे आहेत. त्यांनी घरी काय लिहिले ते दगडाला ठाऊक नाही.

यंदा फराळाचे डबे भरताना माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटीही एकदा उघडून बघा. एखादे पिवळे पडलेले कार्ड सापडले, आणि त्यात पावसापाण्याच्या चौकशीखेरीज काही नसले, तरी फेकू नका. घरातल्या पोरांना ते मोठ्याने वाचून दाखवा. दाराआड आता कोणाला उभे राहावे लागत नाही.