लांडगा, मेंढपाळ आणि सरकार

धनगराच्या वाड्यात जन्मलेल्या माणसाला लांडग्याची ओळख करून द्यावी लागत नाही. रात्री मेंढरांभोवती वाघर लावणे, कुत्री मोकळी सोडणे, आळीपाळीने जागणे, हे शास्त्र आपल्या पूर्वजांनी त्याच्याच धाकाने सिद्ध केले. परंतु या जुन्या वैरात सरकार कसे शिरले, हा इतिहास मात्र आपल्यात क्वचितच सांगितला जातो.

इंग्रजी अमदानीत लांडगा मारणारास सरकारातून बक्षीस मिळे. १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत हिंदुस्थानात अशा बक्षिसांपायी सुमारे २ लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. स्वातंत्र्यानंतर दृष्टी पालटली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडग्याचा समावेश असून त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे देशात लांडगे उरले आहेत ते अवघे ३ हजारांच्या आसपास.

म्हणजे, पूर्वी लांडग्याच्या मरणाबद्दल पैसा देणारे सरकार आता मेंढराच्या मरणाबद्दल देऊ लागले. हे न्याय्यच झाले. रक्षण सर्वांच्या हितासाठी असेल, तर त्याचा भार एकट्या मेंढपाळाने का वाहावा?

तथापि भरपाईचे नियम एका जागी राहणाऱ्या गावकऱ्यास शोभणारे आहेत. ४८ तासांत वनखात्यास वर्दी द्यावी, मेलेले जनावर जागेवरून हलवू नये, पंचनामा होऊ द्यावा. आपला वाडा तर आज या शिवारात, उद्या त्या शिवारात! शेतकऱ्याने मेंढ्या बसविण्यास दिलेली मुदत संपली की बिऱ्हाड घोड्यावर चढते. शिवाय लांडगा कोकरू उचलूनच नेतो. मग पंचांस दाखवावे काय? परिणामी अनेकजण नुकसान मुकाट्याने गिळून पुढचा मुक्काम गाठतात, आणि मनातील राग माळावरच्या लांडग्यावर निघतो.

म्हणून समाजबंधुभगिनींना एवढीच विनंती की, प्रत्येक वाड्यात एका तरी शिकलेल्या मुलाने वा मुलीने हे नियम जाणून घ्यावेत आणि वर्दी वेळेत द्यावी. वाडा हलला तरी दावा बुडू नये, अशी तजवीज सरकारने करावी, हे मागणेही आपण एकमुखाने मांडले पाहिजे. भरपाई म्हणजे भिक्षा नव्हे. माळ राखणाऱ्याचा तो हक्क आहे.