घोंगडी : रात्री पांघरूण, दिवसा पोशाख! कशी बनते, कशी नेसतात, खरी कशी ओळखायची?

थंडी सुरू झाली की मोबाईलवर "अंगात घालायचं ब्लँकेट" अशा जाहिराती दिसू लागतात. बाह्या असलेलं, टोपी असलेलं, पायापर्यंत येणारं. शहरातल्या माणसाला ते नवीन वाटेल. पण माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या भागातल्या माणसाला नाही. कारण पांघरायचं आणि अंगावर घालायचं असं एकच वस्त्र आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या आहे. ते म्हणजे घोंगडी.

मेंढरामागं चालणारा धनगर, रात्री पिकाला पाणी धरणारा शेतकरी, माळावर राखणीला बसणारा म्हातारा यांची थंडी-पावसाची सोय घोंगडीनंच केली. आज तीच घोंगडी घराघरांतून कमी होत चालली आहे. एकीकडं मेंढपाळाच्या लोकरीला गिऱ्हाईक मिळत नाही आणि दुसरीकडं चांगली घोंगडी शोधणाऱ्याला ती सापडत नाही. म्हणून घोंगडीची ही एकत्रित माहिती.

लोकर कुठली?

घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या कोरड्या पट्ट्यातली ही मेंढी काटक, दूरवर चालणारी. महाराष्ट्रात लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे प्रकार आहेत. लोकर जाडी-भरडी, बहुतेक काळी किंवा करडी. मऊ स्वेटरच्या कामाची ती नाही. पण जाड, टिकाऊ विणीसाठी तिच्यासारखी दुसरी नाही.

मेंढ्या साधारणपणे वर्षातून दोनदा कातरतात. एका मेंढीपासून वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास लोकर मिळते. साडेचार बाय नऊ फुटांच्या घोंगडीचं वजन तीन किलोच्या घरात जातं. निवडण्या-पिंजण्यातली घट धरून हिशेब केला, तर एका घोंगडीत सात-आठ मेंढ्यांची वर्षाची लोकर लागते.

कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ, पण निघते फार थोडी. म्हणून जावळाच्या घोंगडीला भाव जास्त असतो. "जावळाची आहे" म्हणून साधी घोंगडी गळ्यात मारणारेही असतात, म्हणून हात फिरवून बघावं. जावळाची घोंगडी कमी टोचते.

कशी बनते?

घोंगडी विणणं हे सनगर समाजाचं आणि खुटेकर धनगरांचं पिढीजात काम. कर्नाटकात कुरुब समाजाची कंबळी आणि तेलंगणात कुरुमा समाजाची गोंगडी ही हिचीच भावंडं.

काम असं चालतं :

1. कातरलेली लोकर रंगानुसार निवडतात. काळी, करडी, पांढरी वेगळी. बऱ्याच घोंगड्यांना रंग लावतच नाहीत, मेंढीचा रंग तोच घोंगडीचा रंग.

2. लोकर पिंजून मोकळी करतात आणि चरख्यावर सूत कातलं जातं. हे काम बहुतेक घरातल्या बायकांचं. विणण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ कताईत जातो, पण घोंगडीच्या किमतीत या मजुरीचा हिशेब क्वचितच धरला जातो.

3. उभे धागे ताणून त्यांना चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, साल काढून, दळून-शिजवून ही खळ करतात. मोठ्या कुंच्यानं ती धाग्यांवर ओढली की सुटे केस बसतात आणि धागा मागावर तुटत नाही.

4. ताणा खड्डामागावर चढवतात. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायानं पावडी दाबतो आणि हातानं धोटा फेकतो.

नवी घोंगडी कडक लागते ती या खळीमुळं. वापरात आली, एक-दोनदा धुतली की ती हळूहळू मऊ पडते. "नवी घोंगडी पत्र्यासारखी आहे" म्हणून लगेच नाराज होऊ नये.

अंगावर घ्यायच्या रीती

घोंगडीला शिलाई नाही, बाह्या नाहीत, गुंड्या नाहीत. तिचा पोशाख होतो तो घडीच्या आणि गाठीच्या जोरावर. रीत गावागणिक थोडी बदलते, पण मुख्य प्रकार हे :

खोळ : पाऊस-वाऱ्यासाठी. घोंगडीच्या लांब काठाचा मध्य डोक्यावर घ्यायचा, दोन्ही टोकं खांद्यांवरून पुढं सोडायची आणि हनुवटीखाली आवळायची. डोकं, कान, पाठ आणि खाली गुडघ्यापर्यंत अंग झाकलं जातं. शेतात भांगलणीला बायका पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात घालून जी खोळ करतात, तिचं काम हेच. आता पोत्याच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आलाय.

गाती : काम करताना. घोंगडी दुहेरी करायची. एक टोक उजव्या काखेखालून, दुसरं डाव्या खांद्यावरून आणून छातीवर गाठ मारायची. उजवा हात मोकळा राहतो. काठी धरता येते, दारं मोडता येतात, कोकरू उचलता येतं.

खांद्यावरची घडी : ऊन निघालं की लांब घडी करून खांद्यावर टाकायची. डोक्यावर ओझं असेल तर तीच घडी खाली गादीसारखी येते. मुक्कामाला पोचल्यावर अर्धी अंथरायची, अर्धी पांघरायची.

दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या दिशेनं निघणारे वाडे घोड्यांवर सगळा संसार लादून चालतात. त्यात वेगळं जर्किन, वेगळी गादी, वेगळी रजई कुठं बसवणार? एकाच वस्त्रात चार कामं झाली पाहिजेत, या गरजेतून ही घोंगडी घडली.

लोकरच का?

लोकरीचा केस सरळ नसतो, नागमोडी असतो. त्यामुळं विणीत हवा अडकून राहते आणि ती हवाच अंगाची ऊब धरून ठेवते. केसावर मेणासारखा नैसर्गिक चिकटपणा असतो, म्हणून रिमझिम पावसाचे थेंब लगेच आत शिरत नाहीत. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ, ओल शोषते तरी हाताला ओली लागत नाही. सुती गोधडी दमट झाली की गार पडते. घोंगडी तशी लवकर गार पडत नाही.

पण घोंगडी म्हणजे रेनकोट नव्हे. धो-धो पावसात ती भिजते आणि भिजली की उचलवत नाही, वाळताही वाळत नाही. एखादं काम वर्षानुवर्षं तसंच पडलं की आपण "भिजत घोंगडं" का म्हणतो, ते ज्यानं भिजलेली घोंगडी वाळवली आहे त्याला सांगावं लागत नाही.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट आगीची. लोकर सहज पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढी जागा करपते. पॉलिस्टर-अ‍ॅक्रिलिकचं ब्लँकेट मात्र वितळतं आणि कातडीला चिकटतं. शेकोटीजवळ बसणाऱ्यानं हा फरक लक्षात ठेवावा. अर्थात घोंगडी घेतली म्हणून जाळाला खेटून बसायचं असं नाही.

दुसऱ्या देशांत काय?

पांघरूण अंगावर घालायची युक्ती जगभर आहे. दक्षिण अमेरिकेत अँडीज डोंगरातले लोक पोंचो घालतात. विणलेल्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी शिवायच्या आणि मधोमध डोकं जाईल एवढी जागा उसवी ठेवायची. आफ्रिकेतल्या लेसोथो या डोंगराळ देशात बासोथो लोक लोकरीचं ब्लँकेट अंगाभोवती घेऊन पिन लावतात, तोच त्यांचा मानाचा पोशाख. स्कॉटलंडच्या डोंगरात पूर्वी लांबच्या लांब लोकरी कापड कमरेला पट्ट्यानं आवळत. खालचा भाग घागऱ्यासारखा, वरचा खांद्यावर आणि रात्री पट्टा सोडला की पांघरूण. तिन्ही ठिकाणी थंडी आहे, डोंगर आहे आणि जनावरांमागं फिरणारी माणसं आहेत.

आजच्या कामाला जमेल अशी घोंगडी

शेतीची लाईट रात्री आली की पाणी धरायला रात्रीच जावं लागतं. एका हातात बॅटरी, एका हातात खोरं. अशा वेळी घसरणारी घोंगडी नकोशी होते. त्यावर पोंचोची रीत आपल्या घोंगडीला जमते. विणकराकडं मागणी करताना असं सांगता येईल :

- साधारण सव्वादोन फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब अशा दोन पट्ट्या विणून घ्याव्यात.
- दोन्ही लांबीत शेजारी-शेजारी शिवाव्यात. मधोमध 14 इंच जागा न शिवता सोडावी. तिथून डोकं जातं.
- त्या फटीच्या दोन्ही टोकांना दुहेरी टाके घालावेत, नाहीतर शिलाई तिथूनच उसवत जाते.
- दोन्ही बाजूंना कमरेजवळ कापडी बंद लावावेत. बांधले की वारा आत शिरत नाही.
- पुढं-मागं सव्वातीन फूट उतरते, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाला गुडघ्याच्या जरा खाली. चिखलात लोळत नाही.
- बंद सोडले की साडेचार बाय साडेसहा फुटांचं पांघरूण तयार. नेहमीच्या घोंगडीपेक्षा वजनही पाऊण किलोच्या आसपास कमी भरतं.

घरातली जुनी घोंगडी मधोमध कापून गळा करायचा मोह आवरावा. हातमागाची वीण कापली की धागे सुटत जातात. कापायचीच असेल तर आधी दोन्ही बाजूंना दाट टाके घालावेत, मगच कात्री लावावी.

एक सूचना जीवाची : कडबाकुट्टी, मळणी यंत्र, इंजिनाचा पट्टा यांच्याजवळ घोंगडी, पोंचो, मफलर काहीही लोंबतं अंगावर ठेवू नये. मोटारसायकलवरही टोकं बांधूनच बसावं.

खरी कशी ओळखावी?

बाजारात घोंगडी म्हणून मिळणारा प्रत्येक माल लोकरीचा नसतो. जुन्या कपड्यांच्या सुतापासून बनलेली स्वस्त ब्लँकेट पानिपतहून सगळ्या देशात जातात. ती वाईट आहेत असं नाही, पण ती घोंगडी नव्हे. घोंगडीचा भाव देऊन ती घेऊ नयेत.

- काठाचा एक धागा ओढून काडीनं जाळून पाहावा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरते. प्लॅस्टिकचा धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.
- हातमागाच्या सुतात जाड-बारीक फरक दिसतो. एकसारखं, गुळगुळीत सूत असेल तर ते यंत्राचं समजावं.
- काळ्या घोंगडीवर ओलं पांढरं फडकं घासावं. रंग भरपूर उतरला तर वरून रंगवलेली आहे.

घोंगडीवर झोपलं की पाठदुखी जाते, साखर कमी होते असे मेसेज फिरतात. घोंगडी ऊब देते, ते काम ती चोख करते. पण ती औषध नाही. घोंगडीच्या भरवशावर दवाखाना टाळू नये. अंगाला खाज सुटत असेल तर खाली सुती धोतर किंवा चादर घ्यावी.

निगा

गरम पाण्यात किंवा वॉशिंग मशीनमध्ये घोंगडी टाकू नये, आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. गार पाण्यात रिठ्यानं धुवावी, पिळू नये, दाबून पाणी काढावं. दोरीवर लोंबकळत टाकली तर पाण्याच्या वजनानं ताणते, म्हणून खडकावर किंवा बाजेवर पसरावी. पावसाळ्यानंतर कडक ऊन दाखवावं, झटकावी आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत घालून ठेवावी. कसर लागली तर महिन्या-दोन महिन्यांत चाळण होते.

लोकर उकिरड्यावर का जाते?

आज मेंढी पाळली जाते ती मटणासाठी. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी अंगानं भरदार, पण लोकर अगदी कमी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं जुळी देणारी नारी सुवर्णा ही जात विकसित केली, तीही मटणाचं उत्पन्न वाढवण्यासाठी. मेंढपाळाच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, कारण पैसा बोकडा-कोकरातून येतो. पण दख्खनी मेंढी कातरावी तर लागतेच. कातरायची मजुरी निघण्याइतकाही भाव लोकरीला मिळत नाही, तेव्हा ती बांधावर पडते.

पुण्यात मुख्यालय असलेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ या विषयाचं काम पाहतं. दहिवडी, रांजणी, महूद इथं महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत. मेंढ्यांच्या आणि लोकरीच्या योजनांची चौकशी तिथं किंवा तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात करता येते.

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत घोंगडीचा बाजार अजून दिसतो. देवापुढं घोंगडी अंथरली जाते, तळी भरली जाते. देवकार्यात तिचा मान टिकून आहे. घरात मात्र जुनी घोंगडी पोत्यात बांधून माळ्यावर पडलेली असते. ती काढावी, उन्हात टाकावी, कसर बघावी. चांगली असेल तर या थंडीत पाण्याच्या पाळीला तीच अंगावर घ्यावी. आणि नवी घ्यायचीच असेल तर जवळच्या गावात माग चालू आहे का, ते आधी विचारावं. विणकराकडून थेट घेतलेल्या एका घोंगडीत सात-आठ मेंढ्यांची लोकर खपते, कताई करणाऱ्या बाईची मजुरी निघते आणि माग आणखी काही दिवस चालू राहतो.