काचेवर साठवलेले आकाश

शाळेच्या जुन्या ग्रुप फोटोंच्या आठवणी अनेक शिक्षकांकडे असतील. तिपाईवर ठेवलेली लाकडी पेटी, तिच्या पुढच्या बाजूस भाता, मागे काळ्या फडक्यात डोके खुपसून उभा असलेला फोटोग्राफर आणि मग "कोणी हलू नका" अशी ताकीद. फडक्याखाली तो काय बघत असतो, याचे आम्हाला लहानपणी फार कुतूहल असे. तो घाशीव काचेवर पडलेली आपल्या वर्गाची उलटी प्रतिमा बघत असतो. प्रतिमा रेखीव झाली की ती काच बाजूला करून तिच्या जागी प्रकाशसंवेदी लेप दिलेली दुसरी काच (पुढे पुढे जाड फिल्म) बसवायची, एवढीच त्या कॅमेऱ्याची करामत.

या कॅमेऱ्याचे बळ त्याच्या निगेटिव्हच्या आकारात आहे. नेहमीच्या ३५ मि.मी. फिल्मवरील एक चौकट २४ × ३६ मि.मी. असते, म्हणजे ८६४ चौ.मि.मी. आठ इंच रुंद आणि दहा इंच लांब काचेचे क्षेत्रफळ सुमारे ५१,६०० चौ.मि.मी. भरते, म्हणजे जवळजवळ साठपट! लेपातील चांदीचे कण दोन्हीकडे सारख्याच आकाराचे धरले, तर मोठ्या काचेवर साठपट तपशील मावतो. म्हणूनच अशा निगेटिव्हवरून भिंतीएवढे चित्र काढले तरी मागच्या रांगेतल्या मुलाच्या शर्टाची गुंडी मोजता येते.

अशाच मोठ्या काचांवर माणसाने शंभर वर्षे आकाशाचे फोटो काढले. त्यांतील सर्वांत मोठा संग्रह अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत आहे. तेथे सुमारे पाच लाख काचा आहेत. त्या कशा जमल्या, कशा वाचल्या आणि त्यांचे संगणकावर रूपांतर करताना काय मिळाले व काय पुसले गेले, ही हकीकत आम्हाला सांगण्यासारखी वाटते.

सुरुवात १८५० सालची. १७ जुलैच्या रात्री विल्यम बाँड आणि फोटोग्राफर जॉन व्हिपल यांनी हार्वर्डच्या १५ इंची दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर घेतले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा हा पहिला फोटो. अभिजित चांगलाच तेजस्वी असल्याने हे जमले. मंद तारे काही उमटेनात. १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची काच आली. ती अधिक संवेदनशील होती, पण ओली असेपर्यंतच उपयोगी. दहा-पंधरा मिनिटांत फोटो काढून ती धुवायची! तासन्‌तास दुर्बीण एका ताऱ्यावर रोखून बसणाऱ्याला तिचा काय उपयोग? १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या लेपाची कृती प्रसिद्ध केली आणि ही अडचण सुटण्याचा मार्ग दिसला. आपला डोळा प्रकाश साठवू शकत नाही. अंधारात कितीही वेळ टक लावून बसले तरी, एकदा नजर सरावली की मंद तारा आणखी उजळ दिसत नाही. कोरडी काच मात्र थेंबाथेंबाने प्रकाश साठवते.

हार्वर्डचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी हे हेरले. १८८५ च्या सुमारास त्यांनी एखाद्या ठरावीक ताऱ्याचे नव्हे, तर सगळ्या आकाशाचे फोटो पुन्हा पुन्हा घेत राहण्याचे काम हाती घेतले. दक्षिणेकडचे आकाश अमेरिकेतून दिसत नाही, म्हणून पेरू देशात आरेकिपा येथे ठाणे उभारले. १९२७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत हलवले. कॅथरिन ब्रूस या बाईंनी ५०,००० डॉलरची देणगी दिली आणि तिच्यातून २४ इंची भिंगाची दुर्बीण तयार झाली. तिच्या काचा १४ × १७ इंचांच्या होत्या. आरेकिपाहून या काचा जहाजाने अमेरिकेला जात. कशासाठी वापरायच्या हे ठरण्याआधीच काढून ठेवलेले लक्षावधी फोटो! आजच्या अनुदान देणाऱ्या समितीपुढे असा प्रस्ताव ठेवला तर काय होईल, याची वाचकांनी कल्पना करावी.

काचा वाचायचे काम स्त्रियांकडे होते. त्यांना 'कॉम्प्युटर' म्हणजे गणक म्हणत आणि बहुतेकींना तासाला २५ ते ३० सेंट मिळत. विल्यमिना फ्लेमिंग या त्यांच्यातल्या पहिल्या काहींपैकी. त्या पूर्वी पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण होत्या. निगेटिव्हवर तारा काळा ठिपका दिसतो आणि तारा जितका तेजस्वी तितका ठिपका मोठा. ठिपक्याचा आकार ठरवण्यासाठी दांडीला बसवलेला काचेचा एक लहान तुकडा वापरत. त्याच्यावर ज्ञात तेजाच्या ताऱ्यांचे ठिपके चढत्या क्रमाने असत. दिसायला हे साधन माश्या मारायच्या चपाटीसारखे, आणि त्याचे नावही तसेच पडले होते. हवा तो तारा सापडला की काचेच्या गुळगुळीत बाजूवर शाईने बाण, वर्तुळ किंवा क्रमांक काढायचा.

हेन्रिएटा लेविट याच कामावर होत्या. मॅगेलनच्या मेघांच्या काचा तपासून त्यांनी १९०८ मध्ये १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये त्यांतील लहान मेघातले २५ तारे घेऊन त्यांनी एक साधा आलेख काढला. ज्या ताऱ्याचे तेज सावकाश कमीजास्त होते, तो तारा अधिक तेजस्वी असतो, असे त्यातून दिसले. हे सगळे तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने दिसणारे तेज आणि खरे तेज यांतला घोळ आपोआप टळला होता. विश्वातील अंतरे मोजायची फूटपट्टी यातून मिळाली. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानी दीर्घिकेत असाच एक तारा सापडला. आधी त्यांनी काचेवर तो नवतारा समजून 'एन' हे अक्षर लिहिले होते. ते खोडून त्यांनी शाईने 'व्हार' म्हणजे रूपविकारी असे लिहिले आणि पुढे उद्गारचिन्ह ठोकले. देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे त्या ताऱ्यावरून ठरले. ते उद्गारचिन्ह लक्षात ठेवावे. पुढे त्याच्याशी काम आहे.

जुन्या काचा नव्या प्रश्नांची उत्तरे देतात, याचा नमुना १९६३ मध्ये मिळाला. त्या वर्षी मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ हा क्वासार अतिदूर असल्याचे दाखवले. इतक्या दूरची वस्तू इतकी तेजस्वी कशी? ती केवढी मोठी असावी? हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफ्लाइट यांनी हार्वर्डच्या कपाटांतून १८८० च्या दशकापासूनच्या काचा काढल्या. तेराव्या प्रतीचा हा ठिपका त्यांच्यावर होताच, आणि त्याचे तेज बदलत आले होते. संपूर्ण दीर्घिकेचे तेज काही वर्षांत एकदम बदलू शकत नाही; तेव्हा प्रकाशाचा उगम लहानशा जागेत असला पाहिजे, हे उघड झाले. क्वासार हा शब्द जन्माला येण्याआधी पाऊणशे वर्षे त्याचे फोटो कपाटात पडून होते!

याच वेधशाळेत १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात काटकसरीसाठी हे फोटो घेणे थांबवण्यात आले. तेव्हाचे संचालक डोनाल्ड मेंझेल यांच्या नावाने ही जवळजवळ पंधरा वर्षांची रिकामी जागा 'मेंझेल खंड' म्हणून ओळखली जाते. मेंझेल स्वतः मोठे शास्त्रज्ञ होते आणि पैशाची चणचण खरी होती, हेही सांगायला हवे. पण ते आकाश आता कोणालाही परत मिळणार नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी जोनाथन ग्रिंडले यांनी या काचा संगणकावर आणायचे ठरवले. बाजारातला स्कॅनर येथे चालेना. तो सावकाश चालतो आणि ठिपक्यांच्या जागा हव्या तितक्या अचूक देत नाही. म्हणून निवृत्त अभियंता रॉबर्ट सिमको यांनी नवे यंत्र रचले. त्यात काच एकाच वेळी सगळी न टिपता, ती सरकवत तुकड्यातुकड्यांनी टिपली जाते. दर इंचास २,३०९ बिंदू, म्हणजे एक बिंदू ११ मायक्रॉनचा. आता वर्गात करून बघावे असे गणित: ८ × १० इंचांच्या काचेवर किती बिंदू? १८,४७२ गुणिले २३,०९०, म्हणजे सुमारे ४२ कोटी ६५ लाख. प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरले तर एका काचेला ८५ कोटी बाइट लागतात. २०२४ पर्यंत सुमारे ४ लाख ३० हजार काचा अशा टिपून झाल्या आणि ती माहिती आज कोणालाही विनामूल्य पाहता येते.

या कामात एक पेच होता. टिपताना काचेवरच्या शाईच्या खुणा ठिपक्यांच्या आड येतात. म्हणून आधी खुणांसकट काचेचा साधा फोटो घ्यायचा आणि मग खुणा पुसून काच यंत्रात घालायची, अशी पद्धत ठरली. ऐतिहासिक महत्त्वाच्या काही काचा न पुसता ठेवल्या. बाकीच्या खुणा, म्हणजे त्या अल्पवेतनी स्त्रियांचे हस्ताक्षर, गेले. खगोलशास्त्रज्ञाला तारा हवा, इतिहासकाराला शाई हवी. शाई आता फोटोत आहे, असे म्हणता येईल. पण मग हबलचे ते उद्गारचिन्हही फोटो घेऊन पुसायला कोणाची हरकत नसावी. आमची तरी आहे. या स्त्रियांच्या सुमारे अडीच हजार वह्या मात्र सापडल्या आहेत आणि स्वयंसेवकांनी त्या वाचून उतरवण्याचे काम केले आहे, हा थोडा दिलासा.

जानेवारी २०१६ मध्ये आणखी एक संकट आले. इमारतीजवळची पाण्याची मोठी नळवाहिनी फुटली आणि तळमजल्यावरच्या सुमारे ६१,००० काचा पाण्यात गेल्या. बुरशी लागून जिलेटिन खराब होऊ नये म्हणून त्या गोठवून ठेवाव्या लागल्या आणि नंतर सवडीने सुकवून साफ केल्या गेल्या.

संगणकावर आलेले आकडे म्हणजे अंतिम सत्य, असेही नव्हे. हंस तारकासमूहातील केआयसी ८४६२८५२ या चमत्कारिक ताऱ्याचे तेज १८९० ते १९८९ या काळात सुमारे ०.१६ प्रतीने मंदावले, असे ब्रॅडली शेफर यांनी २०१६ मध्ये याच काचांवरून मांडले. मायकेल हिप्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली: मंदावला तो तारा, की बदलल्या त्या काचा, भिंगे आणि लेप? आणि वादाचा एक मुद्दा होता मेंझेल खंडाचा. खंडाच्या आधीची मापे आणि नंतरची मापे एकमेकांना जोडायची कशी? पंधरा वर्षांची काटकसर साठ वर्षांनी अशी आडवी आली.

आपल्याकडेही असा ठेवा आहे. तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत १९०४ पासून सूर्याचे फोटो घेतले गेले आणि त्या काचा व फिल्म्स बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने संगणकावर आणल्या. या वेधशाळेचे पुण्याशी नाते आहे. कावसजी नायगमवाला यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी जेऊर येथून अभ्यासले. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

शाळेच्या किंवा गावच्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर अशा काचा सापडल्या तर काय करावे? कडा धरूनच उचलाव्यात. दुधी काचेखाली पांढरा दिवा लावून वर निगेटिव्ह ठेवावी, भोवतालचा अंधार करावा आणि बरोबर वरून, काचेला समांतर धरलेल्या कॅमेऱ्याने फोटो घ्यावा. निगेटिव्हचे पॉझिटिव्ह संगणकावर करता येते. काच तिरकी धरून पाहिली की एक बाजू चकाकते आणि दुसरी मंद दिसते. मंद बाजू लेपाची. तिला हात लावू नये. चकाकणाऱ्या बाजूवर शाईने नाव, तारीख किंवा बाण असेल, तर धूळ मऊ ब्रशने झटकावी आणि शाई तशीच राहू द्यावी.